उभ्याने नाही

पोरी,

वेंगुर्ला बंदराचे तुझे चाळीस फोटो बघितले. खाली प्रश्न, आता कुठली लेन्स घेऊ? लेन्स राहू दे. अडतीस फोटो तुझ्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेत, उरलेले दोन टेकडीवरून, जिथून सगळेच काढतात.

क्षितिज होडीला नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर कापतं. तू उभी असलीस, कॅमेरा दीड मीटरवर असला, की होडीचा दीड मीटरपर्यंतचा भाग पाण्यावर दिसतो आणि जाळी, दोर, नांगर सगळं त्या पाण्यात मिसळून जातं. तोच कॅमेरा वाळूपासून वीतभर आण, अख्खी होडी आभाळावर उभी राहते. गुडघे टेक की! मोबाईल असेल तर उलटा धर, म्हणजे लेन्स खाली येते आणि ओल्या वाळूतल्या चार बोटं पाण्यातही डोलकाठीचं प्रतिबिंब सापडतं.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो म्हणून पोरं कंटाळतात. कंटाळू देत. माझी वर्षं लेन्सा बदलण्यात गेली. गुडघ्यांत बळ होतं तेव्हा वाकलो नाही. म्हणून हट्ट धरतोय, उभ्याने नाही.

वेळ मात्र तिथी बघून ठरव. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तेव्हा सव्वाअकरा, त्यानंतर सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमारास ओहोटी. पाणी सगळ्यात लांब जातं आणि ऊन तिरपं असतं, दोन्ही एकाच वेळी. अष्टमीला पाणी फारसं हटत नाही, तेव्हा फेरी फुकट. ओहोटीच्या तासभर आधी धक्क्याखाली उतर, खांबांच्या रांगेतून होड्या बघ. खांबांना कालवं चिकटलेली असतात, हात कापतो. हिरव्या शेवाळावर पाय नको. समुद्राकडे पाठ करू नकोस, आणि पाणी वळलं की निघायचं.

बेळगावच्या गार पहाटे निघून आंबोली घाट उतरलीस की दमट हवेत काचेवर बाष्प धरतं. पुसत बसू नकोस. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बंद ठेव. खारे तुषार उडाले तर आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. कोरड्यानेच घासलंस तर मीठ काचेवर ओरखडे काढतं.

तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारून होडीत बस आणि तिथून धक्क्याकडे बघ. होडी हलते, त्यामुळे शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा कमी नको. तिथंही उभ्याने नाही, बसून. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. एरवी पाण्यात बुडालेला तळ, पंखा, सुकाणू तेव्हा जमिनीवर झोपून टिपता येतं. टेकूंवरच्या होडीखाली मात्र शिरायचं नाही. कारवारला गेलीस तर नौदलाच्या तळाकडे कॅमेरा वळवू नकोस.

पुढच्या पौर्णिमेनंतर पाचच फोटो पाठव. प्रत्येकाखाली कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर होता तेवढं लिही.