सेकंडहँड सीएनजी गाडी सिग्नलला थरथरते, चेक इंजिन लाईट परत परत लागतो, तीन मेकॅनिक झाले. घरच्या घरी कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझीच गाडी आठवली. तुम्ही लिहिलंय तसंच, सकाळी थंड असताना नीट चालते, वीसेक मिनिटं चालवली की सिग्नलला उभी राहिल्यावर थरथरायला लागते, रेस दिली की एकदम गुळगुळीत, आणि लाईट घालवला तरी आठवड्याभरात परत हजर. तुमचे प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली आणि आता एक जण म्हणतोय इंजेक्टर (सिलिंडरला इंधन सोडणारा भाग) बदला. इंजेक्टर अजिबात घेऊ नका अजून.

मी मेकॅनिक नाहीये, अकाउंट्सचं काम करतो. माझी २०१४ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे, आधीच्या मालकाने बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेली. घेताना एजंट बोनेट उघडून म्हणाला होता, बघा साहेब, इंजिनाचा आवाज तरी येतोय का. खरंच येत नव्हता आणि मी खूश झालो होतो. ह्या वाक्याकडे नंतर परत येतो.

आधी तुमच्याकडे फुकटात जी टेस्ट आहे ती करा. गाडी चांगली गरम झाली आणि थरथर सुरू झाली की बटण दाबून पेट्रोलवर घ्या आणि दोनतीन मिनिटं तशीच आयडलला, म्हणजे रेस न देता, ठेवा. फक्त गॅसवर थरथरत असेल तर आधी प्लग आणि कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देते ती) बघा, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉईल किंचित जरी कमजोर असली तरी ते गॅसवर आधी कळतं, आणि मग गॅसचा फिल्टर, रेड्युसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा), ट्युनिंग. फक्त पेट्रोलवर होत असेल तर मात्र इंजेक्टर, पंप हा संशय बरोबर आहे, विशेषतः जे लोक वर्षभर गॅसवरच चालवतात त्यांचं पेट्रोल टाकीत शिळं होतं आणि इंजेक्टर चिकटतात. दोन्हीवर सारखंच होत असेल तर जे दोघांना कॉमन आहे तेच खराब असणार ना! पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे, दोन्ही एकाच वेळी एकाच सिलिंडरचे कसे बिघडतील? माझं दोन्हीवर होत होतं. तीन गॅरेजमध्ये मला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, आणि मलाही सुचला नाही, उगाच त्यांना कशाला बोलू.

दुसरं म्हणजे ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) घ्या, काहीशे रुपयांत येतो, स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा पोर्ट असतो तिथे लावायचा आणि मोबाईलवर ॲप. कोड दिसला की लगेच क्लिअर करू नका!! सगळे हेच करतात. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम म्हणून एक नोंद असते, बिघाड पकडला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिनाचं तापमान किती, लोड किती, आणि क्लिअर केलं की तीही जाते. त्याचा स्क्रीनशॉट काढा आधी. पी०३०० म्हणजे मिसिंग आहे (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये) पण ठरावीक एका सिलिंडरचं नाही, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरचं सिलिंडर मिसिंग मारतंय. माझा पी०३०२, इंजिन ९० डिग्रीवर, आरपीएम ७५० च्या आसपास. म्हणजे गरम इंजिन, आयडल, दोन नंबर. नंबर साधारण टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात पण आपल्या इंजिनाचं एकदा बघून घ्या. आणि लाईट नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी ओढत राहू नका, न जळलेलं इंधन जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि तो खर्च इंजेक्टरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग अदलाबदल. इंजिन गार झाल्यावर दोन नंबरची कॉईल काढून तीन नंबरला लावली, तीनची दोनला. दहाचा पाना लागतो, पंधरा मिनिटांचं काम. कोड तीन नंबरवर गेला असता तर कॉईल खराब, विषय संपला. नाही गेला. मग प्लगची अदलाबदल, तरी कोड दोनवरच. (प्लग आधी हाताने फिरवूनच बसवा, पहिल्यापासून पाना लावलात आणि आटे वाकडे गेले तर ॲल्युमिनियमचं हेड आहे, मग रडत बसाल.) एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मधे एकदोन दिवस गाडी चालवा, मी पहिल्यांदा घाईत दोन्ही एकदम बदलली आणि काहीच कळेना, परत पहिल्यापासून सगळं केलं.

ठिणगी ठीक, इंधन ठीक, राहिलं काय, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते. गेज विकत आणला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन बाजूला खुर्ची टाकून बसला. सीएनजीच्या टाकीचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह बंद, फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, सगळ्या कॉईलचे कनेक्टर काढले, चारही प्लग बाहेर. इंजिन थोडं गरम हवं, पण तापलेल्या हेडमधून प्लग काढायचे नाहीत म्हणून अर्धा तास थांबलो. बायकोने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला आणि पाचसहा सेकंद सेल्फ मारला, असं चारही सिलिंडरना. आकडे आले १७५, ९५, १७०, १७२ पीएसआय. दोन नंबर बघा. मग दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत मोजलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर ऑईलमुळे फट बुजते आणि आकडा चांगलाच वर जातो. माझा १०० ला गेला, म्हणजे गेलाच नाही. म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह गळतोय.

इथे मी घाबरलो, कारण हेड उतरवायचं म्हणजे खर्च. सासुरवाडीचे मामा एसटीत मेकॅनिक होते, रिटायर झालेत, त्यांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "टॅपेट कधी बघितलेस? गॅसची गाडी आहे ना?" (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग, त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधे बारीक गॅप ठेवलेला असतो.) मी म्हटलं मामा, टॅपेटचा तर आवाजच नाही. तर म्हणाले, "अरे म्हणूनच विचारतोय."

झालं असं होतं की गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतो ती सीट पेट्रोलपेक्षा लवकर झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी कमी होत जातो. ढिला टॅपेट टकटक करतो म्हणून सगळ्यांना कळतो, घट्ट झालेला गप्पच असतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते, उरलासुरला गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. आयडलला इंजिन हळू फिरतं म्हणून गळायला भरपूर वेळ मिळतो, रेस दिल्यावर मिळत नाही, म्हणून सिग्नलला थरथर आणि हायवेला मस्त. आणि एजंटचं ते वाक्य आठवा आता.

टॅपेट कव्हर उघडलं. माझ्या इंजिनात रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) स्क्रू आणि लॉकनट आहेत, म्हणजे फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पत्त्या), पाना आणि स्क्रूड्रायव्हरवर काम होतं. मॅन्युअलमध्ये एक्झॉस्टचा गॅप थंड इंजिनावर ०.३० मिलिमीटर, माझ्या दोन नंबरच्या एका एक्झॉस्टला ०.०५ ची पत्तीसुद्धा जाईना. बाकीचेही सगळे कमीच होते. मामा व्हिडिओ कॉलवर, मी रॉकरशी, दुपार गेली पूर्ण. तुमच्या इंजिनात स्क्रूच्या जागी शिम (पातळ चकत्या) असतील तर ते घरी करू नका, मोजा फक्त, आणि हायड्रॉलिक (गॅप आपोआप सांभाळणारे) टॅपेट असतील तर ॲडजस्ट करायला काही नसतंच. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, माझा नको.

नंतर दोन नंबरचं कॉम्प्रेशन १५० आलं. बाकीच्यांच्या बरोबरीला नाही आलं, म्हणजे तो व्हॉल्व्ह थोडा जळलाय हे खरं, आधी कळलं असतं तर वाचला असता. पण थरथर गेली, दीड वर्ष झालं कोड आलेला नाही. आता दर वीस हजार किलोमीटरला गॅप बघतो.

तुम्ही आधी गॅसवर आणि पेट्रोलवर दोन्हीकडे बघा, कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट इथे टाका, पुढचं बघू. आणि गॅसचा वास येत असेल तर हे सगळं राहू द्या, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आधी किटवाल्याला गाठा.