कार्बन ९.६ टक्के, तरी अमिनो कॉलम दहा दिवसांत निकामी का होतो?

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी प्रयोगवही डोळ्यांसमोर आली. तुमचं वर्णन तेच: स्वतः एपीटीईएस (अमिनो गट असलेलं सिलिकॉन संयुग, म्हणजे एक सायलेन) चढवून केलेली अमिनो सिलिका, गुळातल्या साखरा वेगळ्या करायला तिने भरलेला कॉलम, म्हणजे नळी, आणि त्यातून ७५:२५ ॲसिटोनायट्राइल-पाणी. पहिले चार दिवस फ्रुक्टोज, ग्लुकोज, सुक्रोज सुरेख वेगळे आणि दहाव्या दिवशी तिन्ही एकमेकांवर. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘कार्बन ९.६ टक्के आलाय, म्हणजे कोटिंग तर भरपूर आहे.’ अगदी हेच वाक्य मी माझ्या सरांना लिहून दिलं होतं, आणि त्यापायी माझे सात महिने गेले.

रिफ्लक्स, नायट्रोजन वगैरे तुम्ही करतच असाल, त्यात शिरत नाही. आधी हिशेब करा. सिलिकेत कार्बन येतो तो चढलेल्या सायलेनमुळे, म्हणून त्याच्या टक्केवारीवरून कोटिंग मोजतात. तुमची सिलिका ग्रॅमला ३०० चौरस मीटरची. दर चौरस मीटरला साधारण ८ मायक्रोमोल सिलॅनॉल (सायलेन ज्यांना जोडलं जातं ते सिलिकॉन-ओएच गट) असतात आणि सायलेनला जागा पुरत नसल्याने त्यातले निम्मे पकडले गेले तरी खूप झालं. म्हणजे ग्रॅमला १.२ मिलिमोल. एपीटीईएसच्या प्रोपिल साखळीचे तीन कार्बन धरले तर जेमतेम ४ टक्के. प्रत्येक सिलिकॉनवर एक इथॉक्सी (दोन कार्बनचा, न जुळलेला गट) तसाच राहिला असं मानलं तरी सव्वासहाच्या आसपास. मग ९.६ आला कुठून? वरचा सगळा माल बांधलेला नाही, नुसता बसलेला आहे.

माझं काय चुकलं ते सांगते. पुण्यातला जुलै महिना. सिलिका रात्रभर १२० अंशांवर सुकवली आणि सकाळी उघड्या बशीत गार करत टेबलावर ठेवली. वाळलेली सिलिका हवेतलं पाणी किती झपाट्याने ओढते याचा विचारच केला नाही. त्या जास्तीच्या पाण्याने एपीटीईएसचे रेणू पृष्ठभागाऐवजी एकमेकांनाच जोडले गेले आणि जेलसारखे कणांवर चिकटले. अमिनो गट सिलॅनॉलला हायड्रोजन बंधाने धरून राहतो, त्यामुळे हा थर टोल्युइनने निघत नाही. पाणी लागलं की निघतो. आणि मी पाण्याने धुतलंच नव्हतं! शेवटची धुणी ॲसिटोनची, तुमच्यासारखीच. प्राथमिक अमिन ॲसिटोनशी इमिन नावाचं संयुग बनवतं आणि ॲसिटोनचे कार्बन त्यात राहतात, म्हणजे कार्बनचा आकडा आणखी फुगतो. कृपा करून अमिनो सिलिकेला ॲसिटोन दाखवू नका.

नमुने ज्या विश्लेषण केंद्रात दिले तिथला अनुभव अजून सलतो. प्रत्येक अर्जावर विभागप्रमुखांची सही, अहवालाला पाच आठवडे, आणि हातात येणार एकच आकडा. ‘धुण्याआधीचा आणि नंतरचा नमुना शेजारी शेजारी लावाल का?’ असं विचारलं, तर ‘एका अर्जावर एकच नमुना’ हे उत्तर. सिलिकॉन-२९ चा घन-अवस्था एनएमआर (सिलिकॉनचे अणू कसे जोडलेत ते दाखवणारी चाचणी) मागितला तर अर्जच परत आला. तो मिळाला असता तर उणे ५७ आणि उणे ६७ पीपीएमचे, म्हणजे सायलेनच्या सिलिकॉनचे, पट्टे धुण्यानंतर किती उतरतात, ते पहिल्याच महिन्यात कळलं असतं. विद्यार्थ्याचा वेळ फुकटचा आहे असं समजणाऱ्या व्यवस्थेचा मला आजही संताप येतो.

असो. केंद्रावर अवलंबून राहू नका, निनहायड्रिन (अमिन असेल तर जांभळा रंग देणारं रसायन) वापरा. सिलिका मिथेनॉल-पाणी १:१ मध्ये तासभर हलवा, गाळा, गाळलेलं पाणी निनहायड्रिनसोबत गरम करा. जांभळं झालं तर अमिन निघतंय. रंग येईनासा होईपर्यंत धुवा, मग ११० अंशांवर व्हॅक्यूममध्ये सुकवा, आणि त्यानंतरच कार्बन मोजायला द्या. माझा आकडा असं केल्यावर ९ वरून ४ च्या खाली आला. बघून रडू आलं होतं, पण तोच खरा होता आणि त्याच मालाचा कॉलम टिकला.

पुढच्या वेळी सिलिका व्हॅक्यूममध्ये १५० अंशांवर सुकवा, डेसिकेटरमध्येच गार करा, किंवा डीन-स्टार्क (उकळत्या द्रावकासोबत येणारं पाणी वेगळं करणारं काचेचं उपकरण) लावून टोल्युइनबरोबर पाणी काढून घ्या. पावसाळ्यात मी तरी डीन-स्टार्कवरच भरवसा ठेवेन. चुंबकीय काडीने ढवळू नका, ती कण दळते आणि बारीक भुकटीने कॉलमचा दाब चढतो. वरून फिरणारा ढवळक घ्या. सांध्यांना सिलिकॉन ग्रीस लावू नका, नाहीतर एनएमआरमध्ये उणे २२ पीपीएमला एक पट्टा दिसेल आणि तुम्ही त्याचा अर्थ शोधत बसाल.

एक मर्यादा मात्र आहे. नीट बांधलेला अमिनोप्रोपिल थरही पाण्यात कायमचा टिकत नाही. रेणूच्या शेपटीचं अमिन वळून स्वतःच्याच सिलोक्सेन (सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन) बंधाच्या विघटनाला मदत करतं, आणि ग्लुकोजसारख्या क्षपणक साखरा अमिनशी जोडल्या जाऊन जागा अडवतात. त्यामुळे सी१८ (अठरा कार्बनची साखळी चढवलेल्या) कॉलमइतकं आयुष्य मागू नका. मी १० मायक्रॉनच्या एकाच सिलिकेवर काम केलंय आणि आता प्रयोगशाळेतही नाही, तेव्हा माझे आकडे तुमच्या मालावर तपासून घ्या.

आत्ताचा कॉलम फेकू नका. काम संपल्यावर तो ७५:२५ मध्ये ठेवू नका, शुद्ध ॲसिटोनायट्राइलमध्ये ठेवा. आणि निनहायड्रिनचा रंग कितव्या धुण्याला गेला ते इथे नक्की लिहा.