वीर्यतपासणी सामान्य असूनही मूल होत नसेल, तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशींवर येणाऱ्या ताणाची) चाचणी करावी का?

सरसकट करू नये, असे माझे मत आहे. शुक्राणूंच्या आवरणात बहुअसंतृप्त मेदाम्ले (ऑक्सिजनशी सहज अभिक्रिया करणारे स्निग्ध घटक) भरपूर असतात आणि दुरुस्तीची यंत्रणा जवळजवळ नसते. त्यामुळे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढले की आवरण, हालचाल आणि डीएनए या तिन्हींना इजा पोहोचते, हे खरे आहे. अडचण मोजमापाची आहे. ल्युमिनॉल (या रेणूंशी संयोग झाल्यावर प्रकाश देणारे रसायन) वापरून केलेल्या प्रकाशमापनात नमुना ताजा, साधारण तासाभराच्या आत तपासावा लागतो, आणि त्यात पांढऱ्या पेशी असतील तर त्यांनीच निर्माण केलेले रेणू शुक्राणूंच्या खात्यावर जमा होतात. ऑक्सिडीकरण-क्षपण विभव (वीर्यातील ऑक्सिडीकरण करणाऱ्या व ते रोखणाऱ्या घटकांचा एकूण तोल) मोजणारी नवी पद्धत मिनिटांत आकडा देते. परंतु तो शुक्राणूंच्या संख्येने भागला जात असल्याने संख्या फारच कमी असताना फसवा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वीर्यतपासणी पुस्तिकेतही या चाचण्या नेहमीच्या तपासणीत नाहीत, प्रगत गटात आहेत.

शिवाय अहवाल वाढीव आला तरी उपचाराची दिशा निश्चित होत नाही, कारण २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासात पुरुषांनी फॉलिक आम्ल व जस्त ही ऑक्सिडीकरणरोधक पूरके घेतल्याने अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. धूम्रपान, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे) आणि जंतुसंसर्ग यांचा शोध आधी घ्यावा. वारंवार गर्भपात होत असल्यास शुक्राणूंच्या डीएनए विखंडनाची (डीएनए तुटण्याच्या प्रमाणाची) चाचणी डॉक्टरांशी बोलून ठरवावी.