लेकरं परदेशात गायला न्यायचीत? आधी कागदं, मग गाणी

ताई, गंगाखेडच्या तुमच्या बावीस लेकरांना युरोपातल्या बालगायन महोत्सवाचं निमंत्रण आलंय, जुलैत जायचंय, आणि तुम्ही विचारताय की तिकडचं एखादं इंग्रजी गाणं बसवावं का. मी लातूरहून असाच एक गट नेऊन आणलाय. गाण्याचं शेवटी सांगतो, कारण आमचा जीव गाण्यापायी नाही, कागदांपायी टांगणीला लागला होता.

निमंत्रणानं हुरळून जाऊ नका. बरेच महोत्सव मागेल त्याला पत्र देतात आणि खाली माणशी शुल्क लावतात. आयोजक ना-नफा संस्था आहे का, एवढं आवर्जून विचारा. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वयाच्या लेकरांना ४५ पडतात. पण अशा संस्थेच्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्यांना ते माफ होऊ शकतात. माफी द्यायची की नाही हे त्या देशाच्या हातात, पण मागितल्याशिवाय कोण देतंय? अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांच्या बोटांचे ठसे लागतात, म्हणजे पोरांची एक मुंबई वारी आलीच.

पासपोर्टला मात्र आजच लागा. आधारवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी. त्यात सह्या आईबाप दोघांच्या. आमच्या एका पोरीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. मी कागद घेऊन थेट फडावर गेलो. बापानं मोळी खाली टाकली, हात धोतराला पुसले आणि बैलगाडीच्या साटीवर कागद ठेवून सही केली. तुमच्यात अशी घरं असतील तर कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वाट बघू नका.

मुलं निवडताना तेरा-चौदाच्या पोरांकडे जरा लक्ष ठेवा. आज गोड गाणाऱ्याचा आवाज जुलैपर्यंत फुटलेला असतो. आमच्या एकाचा ऐन मे महिन्यात फुटला. त्याच्या हातात टाळ दिले.

आता गाणं. इंग्रजी बसवू नका. एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरावटींत गाणारी तिकडची पोरं लहानपणापासून तेच करतात, आपण सहा महिन्यांत त्यांच्या कितीसं जवळ जाणार? पण आपलं आहे म्हणून सगळंच तिथं चालतं असंही नाही. आमचा कार्यक्रम जुन्या दगडी चर्चमध्ये होता, माईक नाही. पहिला देवीचा गोंधळ घेतला. स्नेहसंमेलनात मैदान डोक्यावर घेणारा तोच गोंधळ, पण तिथं एक ओळ संपायच्या आत आधीची घुमून परत यायची. संबळ आणि शब्द यांचा नुसता काला झाला. मी घामाघूम.

दुसरी होती जात्यावरची ओवी. पट्टी काळी चार, वाद्य काहीच नाही. एकीनं ओवी म्हणायची, बाकीच्यांनी नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, धरायचा. शेवटचा ‘गं’ सोडला तरी तो वर फिरतच राहिला, आणि आमची लेकरं गायचं विसरून छताकडे बघायला लागली! मला पुढची ओळ ओठ हलवून दाखवावी लागली.

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार आमची तालीम खरोशाच्या लेण्यांत असते. तुमच्याकडे गोदाकाठी दगडी देऊळ असेलच. तिथं उभं राहून गाऊन बघा, कुठली लय टिकते ते लगेच कळतं. ओव्या शोधायला तर तुम्हाला लांब जायलाच नको, जनाबाईचं गाव तुमचं. पोरांच्या आज्यांना बोलवा.

तबल्याची हातोडी हातातल्या बॅगेत ठेवू नका, काढून घेतात. आणि पेढे नेऊ नका. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत; यजमानांसाठी नेलेले आमचे दोन डबे विमानतळावरच्या कचऱ्यात गेले. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुरली.