वाचकांचे प्रश्न : सीओटूचा आकडा चढतोय, खिडकी कोण उघडणार?

मागच्या अंकात बंद खोलीतल्या हवेबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप प्रश्न आले. सगळे घेता येणार नाहीत, त्यामुळे जे पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न : आमचा कोचिंग क्लास आहे, एका खोलीत तीसेक मुलं बसतात, एसी चालू असतो. हल्लीच वायफायवाला सीओटू (कार्बन डायऑक्साईड) मॉनिटर बसवला, तर क्लास सुरू झाल्यावर अर्ध्या तासात 2000 च्या वर जातो आणि मोबाईलवर लाल अलर्ट येतो. तो स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर गेला आणि सगळे घाबरले. ही हवा विषारी आहे का?

सर, विषारी नाहीये, हे आधी पालकांना सांगा. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी 8 तासांच्या सरासरीसाठी 5000 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 5000 भाग, ही कायद्याची मर्यादा आहे, तुम्ही त्याच्या खूप खाली आहात. पण म्हणून 2000 सोडून द्यायचा का, तर अजिबात नाही, कारण तो आकडा तुम्हाला वेगळीच गोष्ट सांगतोय, की खोलीत बाहेरची हवा जवळजवळ येतच नाहीये.

हिशोब बघा. बाहेरच्या हवेत सीओटू साधारण 420 ते 430 पीपीएम. आपण जो श्वास सोडतो त्यात तो 40,000 च्या आसपास असतो. मग खोलीत 2000 झाला याचा अर्थ मुलं आत घेतायत त्या हवेतली साधारण 4 टक्के हवा आधी कोणाच्या तरी फुफ्फुसातून फिरून आलेली आहे. एकाला सर्दी-खोकला झाला तर तोही याच वाटेने बाकीच्यांकडे जातो. मुलं पेंगुळतात, डोकं जड होतं त्याचा सगळा दोष सीओटूवर टाकू नका, कोंदटपणा, उकाडा, वास हे सगळं सोबतच वाढत असतं, सीओटू फक्त त्यातला मोजायला सोपा. जर्मनीचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच 1000 पीपीएमचा आकडा सांगितला होता, तो याच विचाराने, की माणसांच्या श्वासाने हवा किती खराब झालीय त्याची ही खूण.

आणि एसीचं म्हणाल तर साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढून गार करून परत सोडतो, बाहेरची हवा आणत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर एक्झॉस्ट फॅन लावा, पण फॅन लावलात तर दाराखालून किंवा कुठून तरी हवा आत यायला जागा हवीच, नाहीतर तो नुसताच फिरतो. तासाच्या मध्ये पाच-दहा मिनिटं सगळं उघडून मुलांना बाहेर काढलंत तरी फरक ग्राफवर लगेच दिसेल. बाहेर धूर किंवा धूळ फार असेल त्या दिवशी मात्र फिल्टर लावलेला फ्रेश एअर फॅनच बरा.

प्रश्न : ऑनलाईन स्वस्तातला सेन्सर घेतला. रूममध्ये चारजण बसलो तरी 400-450 दाखवतो आणि हाताला सॅनिटायझर लावलं की एकदम 3000! बिघडलाय का?

बिघडलेला नाहीये, तो सीओटू मोजतच नाहीये. अशा सेन्सरमध्ये मेटल ऑक्साईडचा तुकडा असतो, तो अल्कोहोल, परफ्युम, मार्कर पेनची शाई, रंग असल्या वाफांना प्रतिसाद देतो, आणि मग सॉफ्टवेअर त्यावरून 'एवढ्या वाफा म्हणजे एवढी माणसं म्हणजे एवढा सीओटू' असा अंदाज बांधून आकडा छापतं. डब्यावर बारीक अक्षरात 'ईसीओटू', म्हणजे अंदाजाने काढलेला सीओटू, असं लिहिलेलं असेल बघा. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो, कारण लोक भरवशाने लावतात आणि भरलेल्या खोलीत 450 बघून निश्चिंत बसतात.

घेताना 'एनडीआयआर' किंवा 'फोटोअकॉस्टिक' असा शब्द स्पेसिफिकेशनमध्ये आहे का ते बघा. दोन्हींचं तत्त्व एकच, सीओटूचे रेणू 4.26 मायक्रॉनचा इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतात, जितका शोषला तितका वायू. घरी तपासायचा उपाय तुम्ही न ठरवता करूनच बसलात : सॅनिटायझरने खरा सेन्सर हलत नाही, आणि जवळ जाऊन फुंकर मारली की उसळतो.

प्रश्न : मी एका मोठ्या बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो. बऱ्याच खोल्यांत लोरावॅनचे (कमी बॅटरीत लांबवर डेटा पाठवणारं रेडिओ नेटवर्क) बॅटरीवाले सेन्सर आहेत, डेटा क्लाऊडवर जातो. आमची कंट्रोल रूम 24 तास चालू असते, तिथला आकडा सुरुवातीला बराच वर असायचा, आता काही आठवड्यांत आपोआप खाली आलाय. व्हेंटिलेशनमध्ये आम्ही काहीच बदल केलेला नाही. हे कसं?

तुम्ही हे पकडलंत याचं कौतुक वाटतं, कारण हिरवा डॅशबोर्ड बघून कोणी सहसा प्रश्न विचारत नाही.

बहुतेक एनडीआयआर सेन्सरमध्ये ऑटो कॅलिब्रेशन चालू असतं, म्हणजे सेन्सर आपला आकडा स्वतःच जुळवून घेतो. ते असं धरून चालतं की आठवड्याभरात कधी ना कधी खोली रिकामी होईल आणि आतली हवा बाहेरच्यासारखी होईल, म्हणून त्या काळातलं सगळ्यात कमी रीडिंग घेऊन त्यालाच 400 म्हणायचं. ऑफिस, वर्ग, मीटिंग रूम इथे हे छान चालतं. पण तुमच्या कंट्रोल रूममध्ये माणसं कायम असतात, समजा तिथला आकडा कधी 700 च्या खाली जातच नाही, तर सेन्सर हळूहळू त्या 700 लाच 400 समजायला लागतो आणि पुढची सगळी रीडिंग 300 ने कमी येतात. हवा होती तशीच आहे, आकडा तेवढा खाली आलाय. हॉस्पिटलचे वॉर्ड, हॉस्टेलच्या खोल्या, ग्रीनहाऊस, जिथे जिथे खोली कधीच पूर्ण मोकळी होत नाही तिथे हेच होणार.

उपाय म्हणजे त्या सेन्सरचं ऑटो कॅलिब्रेशन बंद करा, सेन्सर उघड्या हवेत नेऊन वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, जवळ कोणी उभं राहू नका, आणि हाताने कॅलिब्रेट करा. ठरावीक महिन्यांनी पुन्हा करा. बिल्डिंग उंच जागी असेल तर सेटिंगमध्ये उंची किंवा हवेचा दाब भरलाय ना तेही बघा, कारण 1500 मीटरवर हवाच विरळ असते आणि दाबाची दुरुस्ती न केलेला सेन्सर साधारण 15 टक्के कमी दाखवतो. आणि जागा : माणूस बसल्यावर नाक येतं साधारण त्या उंचीला, खिडकी, दार आणि एसीच्या झोतापासून लांब, कोणाच्या अगदी तोंडासमोर नको.

प्रश्न : रीडिंग किती वेळाने घ्यावं? व्हेंडर म्हणतो दर 10 सेकंदांनी. आणि नेट गेलं तर काय?

10 सेकंदांची काहीच गरज नाही. खोलीतली हवा तेवढ्या वेगाने बदलत नाही, 5 ते 10 मिनिटं पुरतात. एनडीआयआरमध्ये प्रत्येक रीडिंगला आतला प्रकाशाचा स्रोत पेटतो, बॅटरी सगळ्यात जास्त तिथे आणि रेडिओवर जाते, त्यामुळे 10 सेकंद ठेवलंत तर कायम बॅटरी बदलत बसाल.

नेटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. सेन्सर किंवा गेटवेमध्ये (सेन्सरचा डेटा घेऊन नेटवर पाठवणारा डबा) डेटा साठवून ठेवायची सोय आहे का, आणि नेट परत आल्यावर तो जुनी रीडिंग त्यांच्या मूळ वेळेसकट पाठवतो का, हे दोन्ही आधी विचारा. त्याहून मोठी भानगड म्हणजे सेन्सर मेला तरी काही डॅशबोर्ड शेवटचं रीडिंगच दाखवत राहतात, 610, हिरवं, आणि ते असतं तीन दिवसांपूर्वीचं. म्हणून 'अर्धा तास काहीच आलं नाही' असा वेगळा अलर्ट लावून घ्या. बाकी अलर्ट लगेच वाजवू नका, 1200 च्या वर सलग 10 मिनिटं राहिलं तरच, नाहीतर कोणी सेन्सरजवळ उभं राहून बोललं तरी वाजेल आणि आठवड्यात लोक म्यूट करतील. आणि तो अलर्ट त्या माणसाला जाऊ दे ज्याचा हात खिडकीपर्यंत पोचतो, चार मजले वर बसलेल्या मॅनेजरला जाऊन काय उपयोग?

करार करताना एक गोष्ट लिहून घ्या, की सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) कधीही काढता येईल आणि सेन्सर एमक्यूटीटीवर (सेन्सरचा डेटा पाठवायची खुली पद्धत) आपल्या स्वतःच्या सर्व्हरलाही डेटा पाठवू शकेल. कंपनीने क्लाऊड बंद केला की नुसते प्लास्टिकचे डबे भिंतीवर राहतात. कोणत्या खोलीत कोण कधी असतं हेही या डेटावरून कळतं, म्हणून लॉगिन सगळ्यांना वाटू नका.

प्रश्न : बेडरूममध्ये झाडं ठेवली किंवा एअर प्युरिफायर लावला तर सीओटू कमी होईल का?

नाही ताई, दोन्हीने नाही. प्युरिफायर धूळ पकडतो, वायू तसाच सुटतो. कुंडीतली चार झाडं माणसाच्या श्वासापुढे काहीच नाहीत आणि रात्री तर त्यातली बहुतेक झाडंही सीओटूच सोडतात. दार किंचित उघडं ठेवा. आणि घरात गॅस गिझर किंवा शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वेगळा घ्या, तो वायू खरंच जीव घेतो आणि सीओटू मॉनिटरला तो कळत नाही.

प्रश्न : ग्राफवरून खोलीत ताजी हवा किती येते ते काढता येतं का? आमच्या शाळेत सेन्सर आहेत पण आम्ही फक्त लाल-हिरवं बघतो.

येतं, आणि सेन्सरचा खरा उपयोग मला इथेच वाटतो. सगळे वर्गाबाहेर गेले की ग्राफ खाली यायला लागतो, तो उतार बघा. समजा मुलं गेली तेव्हा 1820 होता, त्यातून बाहेरचे 420 वजा केले की 1400 जादाचे. हे 1400 निम्मे, म्हणजे 700 व्हायला, म्हणजेच आकडा 1120 वर यायला किती वेळ लागला ते घड्याळात बघा. एक तास लागला तर खोलीची हवा तासाला 0.7 वेळा बदलते, जे वर्गासाठी फारच कमी आहे. वीस मिनिटांत झालं तर तासाला दोन वेळा. दहा मिनिटांत झालं तर चार. सूत्र सोपंय, 0.69 ला लागलेल्या तासांनी भागा. या वेळात खोली पूर्ण रिकामी हवी, दारं-खिडक्या मधेच हलवायच्या नाहीत, एवढंच पथ्य.

आज सगळं बंद ठेवून मोजा, उद्या एक खिडकी उघडून, परवा समोरासमोरच्या दोन उघडून. मुलांनाच करायला द्या, भागाकार त्यांना येतोच, आणि कोणती खिडकी उघडी ठेवायची ते मग तेच सांगतील.