घरगुती व्हिडिओसाठी पहिला मिररलेस कॅमेरा

आपल्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाआधी कॅमेरा घ्यायचा असेल, तर मेगापिक्सेलचे आकडे बाजूला ठेवावेत, कारण ४के व्हिडिओच्या एका चौकटीला जेमतेम ८३ लाख पिक्सेल लागतात आणि तेवढे आज प्रत्येक मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यात असतात. रांगणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवरून न सुटणारा ऑटोफोकस आणि बाहेरचा माइक जोडण्याची सोय, या दोन गोष्टींवर मात्र तडजोड करू नये. सोनी झेडव्ही-ई१० आणि कॅनन आर५० या दोन्हींत त्या आहेत. पण दोन्हींच्या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, स्टॅबिलायझेशन (हाताच्या हालचालीने चित्र हलू न देणारे स्थिरीकरण) नाही, म्हणून हातात धरून चित्रण करायचे असल्यास स्थिरीकरण असलेली लेन्सच घ्यावी.

आवाजाकडे मी स्वतः दुर्लक्ष केले होते. भाचीच्या बारशाला आजीने म्हटलेला पाळणा मी कॅमेऱ्यातल्या माइकवरच टिपला. चित्र सुरेख आले, पण तिचा थरथरता आवाज छताच्या पंख्याच्या घरघरीत बुडाला आणि तो पुन्हा मिळवता आला नाही. म्हणून पैसे कमी पडत असतील तर बॉडी एक पायरी खालची घ्यावी, पण माइक अवश्य घ्यावा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम (चौकटी) आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवावा. त्यामुळे दिव्यांची लुकलुक टळते. मेमरी कार्ड व्ही३० दर्जाचे, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहू शकणारे असावे. खरेदीपूर्वी दुकानात तो कॅमेरा पाच मिनिटे एका हाताने धरून पाहावा, कारण दुसऱ्या हातात बहुधा मूल असेल.