दक्षिण डकोटात प्रेअरी डॉगच्या (माळावर बिळं करून राहणारा खारीसारखा प्राणी) शिकारीसाठी कोणती रायफल आणि कोणतं कॅलिबर घ्यावं?

एकच रायफल घेणार असाल तर जाड नळीची बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खिटी ओढून पुढची भरायची रायफल) घ्या, .२२३ रेमिंग्टन या कॅलिबरमध्ये. या शिकारीत दिवसाला शेकडो गोळ्या सहज उडतात, आणि .२२३ ची काडतुसं त्या मानाने स्वस्त, शिवाय कुठेही मिळतात. धक्का इतका कमी की धूळ कुठे उडाली ते स्कोपमधूनच दिसतं. पुढचा नेम तिथल्या तिथे सुधारता येतो. ४० ते ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), प्लॅस्टिकच्या टोकाची, आदळताच फुटणारी गोळी २५०-३०० यार्डांपर्यंत पुरते. .२२-२५० या जास्त वेगवान कॅलिबरची गोळी आणखी सपाट जाते खरी, पण नळी पटकन तापते आणि झिजतेही लवकर. .१७ एचएमआर हे छोटं कॅलिबर दीडशे यार्डांच्या आत झकास, पण त्या उघड्या माळावरच्या वाऱ्यात १७ ग्रेनची गोळी भरकटते. ती दुसरी रायफल म्हणूनच ठेवा. फक्त एक बघा: दक्षिण डकोटातल्याच कॉनाटा बेसिन या गवताळ भागात काळ्या पायांच्या फेरेटना (प्रेअरी डॉग खाऊन जगणारा, मुंगसासारखा दुर्मिळ प्राणी) वाचवण्यासाठी प्रेअरी डॉग मारायला बंदी आहे, तेव्हा परवान्याबरोबर नकाशाही तपासून घ्या.